रंग : शब्दांत लिहावा

खोकं उघडल्याबरोबर बायकोने एकच प्रश्न विचारला, "अहो, हे कोणाचं?"

मी डोकावलो. पातळ पांढऱ्या कागदात केसांचा एक टोप झोपला होता. आम्ही काळा विग मागवला होता. हा काळा नव्हता. काळ्याच्या आसपासचाही नव्हता. परदेशी बाहुलीला असतात तसले केस होते ते, फिकट, गुळगुळीत, आणि आपण कुठे येऊन पडलो याचा अजिबात पत्ता नसलेले.

"उजेडात बघू," मी म्हणालो. उजेडात तो आणखी फिकट दिसला.

बायको खुर्चीत बसली. डोक्याचा रुमाल तिने कपाळावर जरा पुढे ओढला. आठ महिन्यांच्या आजारपणातून ती नुकतीच उठली होती. औषधांनी आजार गेला, आणि जाताना तो केस घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की केस परत येतील, धीर धरा. ते येतही होते, पण अजून बोटाला खरखरीत लागण्याइतकेच. आणि सोमवारी तिची शाळा सुरू होत होती. ती आठवीला गणित शिकवते. आठ महिन्यांत तिने एकच हट्ट केला होता : "वर्गात जाईन तेव्हा मी पहिल्यासारखी दिसले पाहिजे. मुलांनी फळ्याकडे बघावं, माझ्या डोक्याकडे नाही."

विग मागवण्याचं काम मी अंगावर घेतलं होतं, कारण त्यासाठी अर्ज भरायचा होता, आणि अर्ज म्हटला की आमच्या घरात दुसऱ्या कुणी पेनाला हात लावत नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात पत्रव्यवहाराचा हेडक्लार्क आहे. चोवीस वर्षं. नळाला पाणी का येत नाही याबद्दलचं माझं एक पत्र वाचून एका गृहस्थाने उलटटपाली माझ्या भाषेचं कौतुक कळवलं होतं. पाणी त्याला त्यानंतरही आलं नाही, पण त्याने पुन्हा तक्रार केली नाही. असो. सांगायचा मुद्दा, शब्द हा माझा प्रांत.

"तू काळजी करू नकोस," मी बायकोला म्हणालो. "दोन ओळींचं काम आहे." तो मंगळवार होता.

कंपनीच्या तक्रार विभागात फोन केला. एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तक्रार मंजूर झाली तर बदली विग रविवारी घरपोच मिळेल. फक्त फॉर्ममध्ये मिळालेल्या वस्तूचा रंग लिहा. शब्दांत."

"फोटो पाठवतो ना."

"फोटो चालत नाही, सर. फोटोत रंग फसवतो. शब्दांत लिहावा असा नियम आहे."

मनात म्हटलं, वा! शब्दांवर एवढा विश्वास ठेवणारी कंपनी अजून आहे म्हणायची. मी ऐटीत लिहिलं : 'पिवळा.'

तासाभरात उत्तर आलं. 'आमच्याकडे पिवळा रंग बनत नाही. सबब ही वस्तू आमची नाही. तक्रार नामंजूर.'

मी लिहिलं : 'सोनेरी.'

'सोनेरी या सदरात अकरा रंग आहेत. नेमका लिहावा.'

'फिकट सोनेरी.'

'फिकट सोनेरीत चार रंग आहेत. नेमका लिहावा.'

मी फोन लावला. "बाई, ते चार कोणते तेवढं सांगा, मी त्यातला एक लिहितो."

"यादी ग्राहकांना सांगता येत नाही, सर," ती मुलगी म्हणाली. तिलाही वाईट वाटत असावं. "सांगितली की ग्राहक सोयीचा रंग निवडतात."

माणसाला आयुष्यात कधी ना कधी आपली पायरी कळते. मी पेन घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं की फिकट सोनेरीच्या पुढे माझ्याकडे शब्दच नाही. काळ्यासाठी ढीगभर शब्द आहेत : काळाभोर, काळाकुट्ट, काळासावळा, काळपट. लाल म्हटला की लालचुटुक, लालबुंद, लालभडक. या रंगाला मात्र आपल्याकडे कुणी दारातसुद्धा उभं केलेलं नाही. भुरा म्हणावं तर भुऱ्यात धूळ आहे, आणि या केसांत धूळ नव्हती. पिंगट म्हणावं तर ते मांजराला बरं. शब्दकोश काढला. त्यात 'गौरकेशी' सापडला, पण तो रंग सांगत नाही, नुसता मान देतो. शेवटी मी 'नवनीतवर्णी' असा एक शब्द स्वतः तयार करून पाठवला. त्यावर कंपनीने विचारलं की हे ग्राहकाचं नाव आहे का.

आता समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ आले. यांना सगळी इमारत 'सल्लागार' म्हणते. ते कशात सल्लागार आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, कारण असा विषयच नाही ज्यात ते नाहीत. कुरिअरवाला जिन्यात दिसल्यापासून त्यांचा जीव खालीवर होत होता. त्यांनी विग हातात घेतला, वास घेतला, आणि म्हणाले, "एवढंच ना? काळा करून टाका. केस काळे करायची पुडी मिळते. वीस मिनिटं."

"पण परत करायचाय तो."

"काळा झाल्यावर परत कशाला कराल?"

हे पटण्यासारखं होतं. सल्लागारांचं सगळंच पटण्यासारखं असतं, हीच त्यांची खरी अडचण आहे. बुधवारी सकाळी बायको आंघोळीला गेलेली पाहून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुडी कालवली आणि विग त्यात बुडवला. वीस मिनिटांनी काढून धुतला. तो होता तसा, फिकट, बाहुलीचा. सिंथेटिक केसांवर ती पुडी चढत नाही, हे पुडीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं नंतर वाचलं. बाकी सगळ्यावर मात्र ती चढली. ओटा काळा झाला, चहाचं गाळणं काळं झालं, माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले, आणि फोन आला म्हणून तो मी कानाला लावला होता त्यामुळे उजवा कान काळा झाला. फोन सल्लागारांचा होता. "झाला का काळा?" असं विचारायला.

बायको बाहेर आली. तिने ओटा पाहिला, गाळणं पाहिलं, कान पाहिला. काही बोलली नाही. पूर्वीची असती तर बोलली असती, आणि मला ते आवडलं असतं. आजारपणात तिचं बोलणं कमी झालं होतं. कुणी भेटायला आलं की ती आतल्या खोलीत जायची आणि मी बाहेरच्या खोलीत 'झोपलीय' असं सांगायचो. तिला दयेच्या नजरा सोसवत नव्हत्या, एवढंच. मलाही ते कळत होतं. म्हणून आठ महिने आमच्या घरात पाहुण्यांना निम्म्या आवाजात चहा मिळत होता.

गुरुवारी तळमजल्यावरचे रंगारीकाका वर आले. यांनी निम्म्या गावाच्या भिंती रंगवल्या आहेत. माझा कान पाहून त्यांनी मुळीच आश्चर्य दाखवलं नाही. रंगाच्या धंद्यात माणूस असं बरंच बघतो. बगलेत त्यांनी रंगांच्या पट्ट्यांचा जाडजूड पुस्तकवजा गठ्ठा आणला होता.

"साहेब, रंग असा घरात बसून कळत नसतो. उघड्यावर, सकाळच्या उन्हात बघायचा. आणि लांबून. मी खाली रस्त्यावर उभा राहतो, तुम्ही गॅलरीत विग धरा."

मी गॅलरीत विग धरला. खालून काका ओरडले, "मूठभर धरलात तर कसा कळेल? पसरला पाहिजे. डोक्याच्या आकारावर!"

इमारतीत विगसाठी मोकळं डोकं एकच होतं. माझ्या डोक्यावरची जागा बऱ्याच वर्षांपासून रिकामी आहे. मी विग चढवला. केस खांद्यावर आले, थोडे मिशीत गेले. काका खाली पट्ट्या उलटत होते, "उजवीकडे वळा! मान खाली! आता थांबा!" असं म्हणत होते, आणि मी चोवीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, एक कान काळा, दोन हात काळे, कठड्याला धरून उजवीकडे डावीकडे वळत होतो.

त्याच वेळी आमचे कार्यालयातले साहेब रस्त्यावरून आले. माझ्या रजेत त्यांना कपाटाची किल्ली हवी होती आणि ती चुकून माझ्या खिशात घरी आली होती. साहेबांची नजर अधू आहे, पण वागण्याबोलण्यात ते फार सभ्य. त्यांनी वर पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार वहिनी. बरं वाटतंय ना आता? आमचे हेडक्लार्क घरात आहेत का?"

मिशीसकट मला ते वहिनी म्हणाले.

मी मान डोलावली, तर केस आणखी मोहक हलले. तेवढ्यात माझ्या पाठीमागे एक आवाज झाला. आधी वाटलं बायकोला ठसका लागला. वळून पाहतो तर ती दाराची चौकट धरून हसत होती. तोंडावर हात नाही, डोक्यावर रुमाल नाही. तो तिच्या हातात होता आणि त्यानेच ती डोळे पुसत होती. हसत हसत ती गॅलरीत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ऊन तिच्या खरखरीत डोक्यावर पडलं होतं.

"साहेब," ती खाली वाकून म्हणाली, "वहिनी मी. हे ते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघंही छान दिसता," ते म्हणाले. मी वरून टाकलेली किल्ली घेतली आणि गेले. या एका वाक्यासाठी मी त्या माणसाच्या सगळ्या जुन्या मेमोंना माफ करून टाकलं आहे.

त्यानंतर घराचं दार बंद राहिलंच नाही. रंगारीकाका निकाल घेऊन वर आले : "हस्तिदंती रंगात थेंबभर पिवळा, आणि अर्धा थेंब राखाडी." वरच्या मजल्यावरच्या शिवणकाकू दोऱ्यांच्या रिळांचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या मते तो दोनदा धुतलेल्या तागाचा रंग होता. "एकदा नाही हं भाऊ. एकदा धुतलेला ताग निराळा." सल्लागार म्हणाले की सरळ 'राजकन्या' लिहा. चौघं सोफ्यावर आणि मी स्टुलावर असे आम्ही बसलो, सोफ्याच्या मध्यभागी बायको. विग तिने मांडीवर घेतला होता, मांजर घ्यावं तसा. चहा पूर्ण आवाजात झाला.

"मक्याच्या कणसाला वर झुबका असतो ना, तो," काका म्हणाले.

"तो ओला असतो. हा कोरडा आहे," काकू म्हणाल्या.

"मग वाळलेलं गवत."

"गवतात हिरवं राहतंच कुठेतरी."

"साय?"

"सायीला काय रंग असतो? सायीला जाडी असते."

मला कबूल केलं पाहिजे की ही मंडळी माझ्यापेक्षा पुढे होती. मी आयुष्यभर असे शब्द वापरत आलो ज्यातून कुणाला काही दिसू नये. हे लोक बघून बोलत होते. आम्ही त्या दिवशी सहा शब्द पाठवले आणि सहाही परत आले. तागाबद्दल मात्र कंपनीने 'जवळ आहात' असं कळवलं, आणि शिवणकाकूंनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळे पुन्हा जमले. मुदतीला दोन तास उरले होते. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी फोनचा स्पीकर चालू केला. त्या मुलीनेही आता आम्हाला आवाजावरून ओळखायला सुरुवात केली होती. "काकू आल्यात का?" असं तिने आधी विचारलं. काकू खूश झाल्या.

एकेक शब्द पडत गेला. बायको इतका वेळ गप्प बसून विगची एक बट बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, "फूटपट्टी."

"काय?"

"नवी कोरी लाकडी फूटपट्टी. वर्षाच्या पहिल्या दिवशी दप्तरातून निघते ती. शाईचा एकही डाग न पडलेली. आठवड्यानंतरची नाही, तेव्हा ती कळकट होते." तिने बट उजेडात धरली. "एकोणीस वर्षं बघतेय मी. हाच रंग."

फोनवर कागदांची सळसळ झाली. मग ती मुलगी जवळजवळ ओरडलीच, "मॅडम! बरोबर! आमच्या यादीत 'ताजं लाकूड, फिकट' आहे. रंग मंजूर!"

रंगारीकाकांनी टाळी वाजवली. सल्लागार म्हणाले, "मी हेच म्हणणार होतो." मी घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं. घराण्याची अब्रू वाचली.

"आता फक्त मूळ ऑर्डरशी ताडून बघते," मुलगी म्हणाली, आणि थांबली. "सर, पण... हाच रंग तुम्ही मागवलाय."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "अर्ज मी स्वतः भरलाय."

"हो सर. रंगाच्या रकान्यात आठ ओळी आहेत. वाचू?"

"नको," मी म्हणालो. "वाचा," बायको म्हणाली.

आणि त्या मुलीने, सोफ्यावरच्या चौघांसमोर, स्वच्छ गोड आवाजात वाचलं :

"'केसांचा रंग सर्वसाधारणपणे काळा आहे. तथापि सकाळी सदर व्यक्ती पाठमोरी उभी राहून खिडकी उघडते, त्या वेळी कडेच्या केसांतून ऊन येते, व तेवढ्या भागास अत्यंत फिकट सोनेरी रंग येतो. तो काही क्षणच राहतो. उपरोक्त फिकट सोनेरी रंग कोणत्याही परिस्थितीत सुटू नये, ही विनंती.'"

मुलगी म्हणाली, "कोणत्याही परिस्थितीत सुटू नये असं लिहिल्यामुळे आमच्या माणसाने तोच रंग धरला, सर."

माझा दुसरा कानही आता काळ्या कानाशी स्पर्धा करू लागला होता. शिवणकाकूंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. रंगारीकाका छताकडे बघू लागले, जणू तिथे ओल आली होती. सल्लागारांनासुद्धा काही सुचेना, आणि ही गोष्ट इमारतीत प्रथमच घडत होती.

बायकोने विचारलं, "केव्हा बघत होतात?"

"रोजच," मी म्हणालो. "तू खिडकी उघडतेस ना, तेव्हा. चहा होईपर्यंत दुसरं काय करायचं?"

"कधी बोलला नाहीत."

"त्यासाठी रकाना नव्हता."

ती हसली नाही. तिने माझा काळा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांसमोर तसाच धरून ठेवला. आमच्या पिढीत हे असं चारचौघांत होत नाही, म्हणून मी खूप अस्वस्थ झालो, आणि हात मुळीच सोडवून घेतला नाही.

फोनवरची मुलगी खाकरली. "सर, नियमाने चूक ग्राहकाची आहे, तक्रार बसत नाही. पण मी माझ्या वरिष्ठांशी बोलते. काळा विग पाठवायला लावते. मात्र बुधवारच्या आत पोचणार नाही." मग म्हणाली, "माझ्या आईलाही असाच विग लागला होता, मॅडम. आता तिची वेणी येते." त्या मुलीचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पण माणसं मोजायला बसलो की तिला मी घरच्यांत धरतो.

सोमवारचा प्रश्न तसाच राहिला. सल्लागारांना वाचा फुटली. "तीन दिवस रजा वाढवा. नाहीतर रुमाल बांधा. नाहीतर ताप आल्याचं कळवा."

"आठ महिने मी सगळ्यांचं ऐकलं," बायको म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचं, नर्सचं, यांचं, तुमचं. सोमवारी मी शाळेत जाणार. आणि हे घालून जाणार."

"पण मुलं हसतील!" मी म्हणालो.

"हसू देत. दयेने बघण्यापेक्षा बरं."

शिवणकाकूंनी शनिवारी बसून विग तिच्या डोक्याच्या मापाने आतून आवळून दिला. रंगारीकाकांनी टर्पेंटाइनने माझा कान घासला, तो काळ्याचा लाल झाला. सोमवारी मी तिला शाळेपर्यंत सोडलं. फाटकापाशी तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या, ते लांब फिकट केस एकदा मागे टाकले, आणि आत गेली. तिचा वर्ग तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आहे. मी कुंपणाशी उभा राहिलो. कार्यालयात उशीर होत होता, होऊ दिला.

आधी बाकं सरकल्याचा आवाज झाला, मुलं उभी राहिली असावीत. मग एक भयंकर शांतता. एवढी शांतता मी फक्त साहेब रागावलेले असताना ऐकली आहे. आणि मग तिचा आवाज आला, पूर्वीचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा :

"मी आजारी होते. माझे केस गेले, आता येतायत. तोपर्यंत हे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ता हसून घ्या. दोन मिनिटं. मी घड्याळ लावतेय."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा वर्ग सुटला. चाळीस मुलं, पोटं धरून. त्या हसण्यात एक आवाज तिचाही होता, तो मी कुठूनही ओळखतो. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मीही कुंपणाला धरून, एकटाच, मोठ्याने हसत होतो. भाजीवालीने हातगाडी जरा लांबून नेली.

"संपली दोन मिनिटं," आतून आवाज आला. "आता वह्या काढा."

फळ्यावर खडू करकरला.

संध्याकाळी मी तिला आणायला गेलो. ती फाटकातून बाहेर आली ती वाकडी होऊन, एका खांद्यावर फुगलेली पिशवी घेऊन. विग जरा तिरका झाला होता आणि नाकावर खडूची पूड होती. तिने ती पिशवी माझ्या हातात दिली. माझा खांदा खाली आला.

"काय आहे एवढं?"

"चाळीस वह्या. मी नव्हते तर काय दिवे लावलेत बघा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "एकाचंही उत्तर बरोबर नाही."

ती भराभर पुढे चालू लागली, आणि मी ते ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तिच्या मागून निघालो. वाटेत ती दोनदा म्हणाली, द्या, जड होत असेल. मी काही ते दिलं नाही.